हायलँड पार्क, १९१३ : पाच डॉलरच्या पगाराआधी काय घडले होते

१९१३ साल संपत आले तेव्हा डेट्रॉइटला लागून असलेल्या हायलँड पार्क येथील फोर्ड मोटर कंपनीच्या कारखान्यात सुमारे चौदा हजार कामगार होते, आणि ही संख्या नुसती कायम राखण्यासाठी कंपनीला त्या एका वर्षात बावन्न हजारांहून अधिक माणसे भरती करावी लागली होती. कामगारांच्या गळतीचे वार्षिक प्रमाण ३७० टक्के पडले होते. सरासरीने पाहिले तर प्रत्येक जागेवरचा माणूस वर्षभरात जवळपास चार वेळा बदलला. शिवाय हजेरीपटावरच्या दर दहा कामगारांपैकी एक जण रोज गैरहजर असे. दोनच वर्षांनी, १९१५ मध्ये, गळतीचे हेच प्रमाण १६ टक्क्यांवर आले. इतक्या थोड्या काळात एवढा फरक कशाने पडला, याचा शोध या प्रकरण अभ्यासात घेतला आहे.

याचे प्रचलित उत्तर सर्वांना ठाऊक आहे. हेन्री फोर्ड यांनी जानेवारी १९१४ मध्ये दिवसाचा पगार दुपटीहून अधिक वाढवून पाच डॉलर केला, कामगारांना स्वतः बनवलेली गाडी परवडू लागली आणि सगळे सुरळीत झाले, असे व्यवस्थापनाच्या वर्गांतून आणि उद्योजकांच्या मेळाव्यांतून सांगितले जाते. हे उत्तर दोन ठिकाणी अपुरे पडते. एक तर त्याचा हिशेब जुळत नाही. १९१४ मध्ये कंपनीने अडीच लाखांहून अधिक गाड्या बनवल्या, त्यामुळे चौदा हजार कामगारांपैकी एकूण एकाने गाडी विकत घेतली असती तरी ती कंपनीच्या तीन आठवड्यांच्या उत्पादनाएवढीसुद्धा भरली नसती. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पाच डॉलरची घोषणा होण्यापूर्वी तीन महिने, ऑक्टोबर १९१३ मध्ये, कंपनीने भरती, पगाराचे दर आणि बडतर्फी यांची सारी पद्धत मुळापासून बदलली होती, आणि प्रचलित कथेत या ऑक्टोबरचा उल्लेखच नसतो. माझ्या मते जानेवारीतल्या पैशाचे जे फळ मिळाले, त्याची जमीन ऑक्टोबरमध्ये तयार झाली होती. त्यामुळे हे प्रकरण पगारवाढीपासून वाचायला घेतले तर त्यातला उपयोगी भाग हातातून निसटतो.

काम कसे बदलले होते

मॉडेल टी ही गाडी ऑक्टोबर १९०८ मध्ये बाजारात आली आणि १९१० च्या आरंभी कंपनी हायलँड पार्कच्या नव्या कारखान्यात गेली. तोपर्यंत गाडी जुळवणे हे मुरलेल्या मेकॅनिकचे काम होते. १९१३ च्या एप्रिलमध्ये फ्लायव्हील मॅग्नेटो या, इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या भागाची जुळणी सरकत्या पट्टीवर करून पाहण्यात आली. आधी एक कामगार आपल्या बाकापाशी बसून अख्खा मॅग्नेटो सुमारे वीस मिनिटांत जुळवत असे. तेच काम तुकड्या-तुकड्यांत वाटून दिल्यावर ते सव्वातेरा मिनिटांच्या आत होऊ लागले. पुढे कामगारांना वाकावे लागू नये म्हणून पट्टीची उंची आठ इंचांनी वाढवली तेव्हा वेळ सात मिनिटांवर आला, आणि पट्टीचा वेग नीट जमवल्यावर तो पाच मिनिटांवर उतरला. ऑक्टोबरपासून हीच रीत गाडीच्या सांगाड्याला लावली गेली आणि साडेबारा तासांचे काम पुढच्या वसंतापर्यंत एक तास तेहेतीस मिनिटांत होऊ लागले.

माणसे टिकवण्याच्या दृष्टीने या बदलाचे दोन परिणाम झाले, आणि ते एकमेकांच्या विरुद्ध दिशेने ओढणारे होते. एकीकडे कौशल्याची गरज उरली नाही. ज्याला एकच बोल्ट घट्ट करायचा आहे त्याला शिकवायला फार वेळ लागत नाही, त्यामुळे एक गेला तर फाटकाबाहेर दुसरा उभाच आहे, अशी समजूत वरपासून खालपर्यंत रुजली. दुसरीकडे सगळे एका साखळीत बांधले गेल्याने एका माणसाच्या गैरहजेरीची किंमत पूर्वीपेक्षा कितीतरी वाढली. बाकावर एकट्याने काम करणारा मेकॅनिक आला नाही तर त्याचे तेवढे मॅग्नेटो कमी होत, पण पट्टीवरचा एक माणूस आला नाही तर त्याच्या पुढचे सगळेच खोळंबत. माणूस सहज बदलता येणारा, पण त्याची हजेरी मात्र अत्यावश्यक, अशी ही स्थिती होती. कंपनी यातला पहिला भाग पाहत होती आणि दुसऱ्याकडे तिचे लक्ष नव्हते. चौदा हजारांत रोज दहा टक्के गैरहजर म्हणजे सकाळी चौदाशे जागा ऐनवेळी भरायच्या, आणि त्या भरण्यासाठी कायम जास्तीची माणसे हाताशी ठेवायची, असा तो व्यवहार होता. आज ज्या कारखान्यात, उपाहारगृहात किंवा गोदामात 'काम सोपे आहे, कोणीही करील' असे म्हटले जाते, तिथे हाच हिशेब मांडून पाहावा. सोप्या कामावरच्या माणसाचा खाडा हा बहुधा सोपा नसतो.

लोक कसे सोडून जात होते, याची एक नोंद या प्रकरणात फार बोलकी आहे. मार्च १९१३ या एका महिन्यात सुमारे ७,३०० कामगार कारखान्यातून कमी झाले. त्यांतल्या १८ टक्क्यांना काढून टाकले होते आणि ११ टक्क्यांनी रीतसर राजीनामा दिला होता. उरलेले ७१ टक्के कोणाला काही न सांगता यायचे बंद झाले होते. सलग पाच दिवस न आलेल्या माणसाने काम सोडले असे कंपनी धरत असे, म्हणून तिच्या दफ्तरात त्यांना 'पाच दिवसांची माणसे' असेच नाव पडले होते. दहातली सात माणसे निघून जाताना 'मी जातो' एवढेही बोलत नसतील, तर ज्याच्यापाशी बोलावे असे त्या जागी त्यांना कोणी वाटत नव्हते, असाच त्याचा अर्थ मला लागतो. पगार कमी असल्याने जाणारा माणूस सहसा आधी पगार मागून पाहतो. इथे मागण्याचीही वेळ आली नव्हती.

फोरमनचे राज्य

तोवर कारखान्यातील प्रत्येक विभाग फोरमनच्या मुठीत होता. कोणाला घ्यायचे, कोणाला किती द्यायचे आणि कोणाला कधी हाकलायचे, हे तोच ठरवत असे. त्याचा परिणाम म्हणून कंपनीत पगाराचे तब्बल ६९ वेगवेगळे दर प्रचलित झाले होते. एकच काम करणारी शेजारी-शेजारी उभी असलेली दोन माणसे वेगवेगळ्या दराने पगार घेत, आणि त्या फरकामागे फोरमनची मर्जी याखेरीज सांगण्यासारखे कारण नसे. कामगारांपैकी बहुसंख्य परदेशांत जन्मलेले होते. नोव्हेंबर १९१४ च्या पाहणीत हे प्रमाण ७१ टक्के निघाले, आणि त्यांत किमान २२ राष्ट्रांचे लोक होते. इंजिन जुळणी विभागातल्या एका पर्यवेक्षकाने पुढे आपल्या आठवणीत सांगितले आहे की फोरमनला इंग्रजी, जर्मन, पोलिश आणि इटालियन या भाषांतला एक शब्द तरी यावाच लागे, आणि तो म्हणजे 'लवकर'. वरिष्ठाकडून कामगाराला आपल्या भाषेत जो एक शब्द ऐकायला मिळे तो हा होता.

मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास जाणणाऱ्याला हे चित्र अनोळखी वाटणार नाही. तिथे जॉबर हा भरती, बढती आणि बडतर्फी तिन्ही हातात ठेवून होता, बदलीच्या कामासाठी माणसे रोज सकाळी त्याच्यापुढे उभी राहत, आणि नोकरी मिळवण्यासाठी व टिकवण्यासाठी त्याला पैसे चारावे लागत. १९३१ मध्ये अहवाल देणाऱ्या शाही कामगार आयोगाने भरती जॉबरकडून काढून कारखान्याच्या स्वतंत्र अधिकाऱ्याकडे सोपवावी असे सांगितले. हायलँड पार्कमध्ये तेच पाऊल १९१३ मध्ये टाकले गेले होते.

ते टाकणाऱ्याचे नाव जॉन आर. ली. फोर्डने १९११ मध्ये बफेलो येथील जॉन आर. कीम मिल्स ही पत्र्याचे भाग बनवणारी कंपनी विकत घेतली, तिच्याबरोबर ली कंपनीत आले आणि पुढे कामगारविषयक कामाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. त्यांना या कामाकडे वळवणारा एक प्रसंग त्यांनीच नोंदवला आहे. घणाच्या यंत्रावर काम करणाऱ्या एका चांगल्या, अनुभवी कामगाराचे काम अचानक खाली आले. यंत्र तेच होते, माल तोच होता, माणूसही तोच होता. नेहमीच्या रीतीने फोरमनने त्याला दोन-चार वेळा झापले असते आणि मग नारळ दिला असता. या वेळी कोणीतरी थांबून त्याची विचारपूस केली, तेव्हा घरात आजारपण आणि कर्ज असल्याचे आणि पुढे काय होईल या धास्तीने तो पोखरून गेल्याचे कळले. यंत्राच्या बाजूने शोधून सापडला नसता असा हा बिघाड होता.

ली यांनी मग कारखान्याची पाहणी केली आणि असंतोषाची कारणे नोंदवली. कामाचे तास जास्त, पगार कमी, राहण्याची जागा वाईट आणि घरच्या अडचणी, कारखान्यातली अस्वच्छता, अशी ती यादी आहे. तिच्या अखेरीस, बहुधा सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणून, फोरमन आणि अधीक्षक माणसांना ज्या अविचाराने वागवतात त्याचा उल्लेख आहे. कामगारांच्या बाजूने दाखल झालेली ही तक्रार नव्हती. कंपनीच्या पगारी अधिकाऱ्याने पाहणीअंती काढलेला हा निष्कर्ष होता.

ऑक्टोबर १९१३

ऑक्टोबरमध्ये कंपनीने पगार सरासरी १३ टक्क्यांनी वाढवले आणि ६९ दर रद्द करून फक्त ८ दर ठेवले. प्रत्येक प्रकारच्या कामासाठी कौशल्याच्या पायऱ्या आखून दिल्या. ठरलेली कार्यक्षमता गाठलेल्या कामगाराला पुढचा दर आपोआप मिळावा, त्यासाठी कोणाची मनधरणी करावी लागू नये, अशी ती योजना होती. अडीअडचणीला सावकाराकडे जावे लागू नये म्हणून कामगारांची बचत आणि कर्ज संस्था उघडण्यात आली. ज्या बदलाने कारखान्यातले वजन खऱ्या अर्थाने इकडचे तिकडे झाले तो बदल मात्र असा होता की, फोरमनचा माणसाला कंपनीतून काढून टाकण्याचा अधिकार काढून घेण्यात आला. एखादा कामगार आपल्या विभागात नको, एवढेच त्याने म्हणायचे. मग त्या माणसाला नोकरभरती खात्याकडे पाठवले जाई, तिथे त्याच्याशी बोलून त्याला कुठे जमेल याचा अंदाज घेतला जाई आणि दुसऱ्या विभागात त्याला पुन्हा संधी मिळे. पूर्ण काढून टाकण्याचा निर्णय त्या खात्याचा असे.

या एका व्यवस्थेतून किती गोष्टी एकदम साध्य होतात, याकडे लक्ष द्यायला हवे. चुकीच्या जागी पडलेला चांगला माणूस वाया जात नाही. एकाच फोरमनकडून वारंवार माणसे परत येऊ लागली तर दोष माणसांत आहे की फोरमनमध्ये, हे वरच्यांना पहिल्यांदाच कागदावर दिसू लागते. फोरमनलाही धमकीवाचून काम करून घेण्याची सवय लावून घ्यावी लागते, कारण धमकीच पोकळ झालेली असते. आणि कामगाराला कळते की आपल्या पोटापाण्याचा दोर एकाच माणसाच्या हातात नाही. या शेवटच्या गोष्टीची किंमत पगारपत्रकात दिसत नाही, म्हणून तिला कोणी किंमत लावत नाही.

आपल्याकडच्या लहान उद्योगांत मालक बहुतेक वेळा हा अधिकार नकळत सुपरवायझरला किंवा मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराला देऊन टाकतो, कारण रोजच्या कटकटीत पडायला त्याला सवड नसते. मग माणसे टिकत नाहीत, हल्ली कोणाला काम करायला नको, असे म्हणत तो पगार थोडा वाढवतो आणि माणसे तरीही जातात. अशा मालकाने स्वतःपाशी दोन साधे प्रश्न विचारावेत. गेल्या वर्षी गेलेल्यांपैकी कोण कोणत्या सुपरवायझरच्या हाताखाली होते, याची नोंद आपल्याकडे आहे का? आणि त्यांतल्या एखाद्याला सुपरवायझरला वगळून आपल्यापर्यंत पोहोचण्याची काही वाट होती का?

पाच डॉलर

५ जानेवारी १९१४ रोजी डेट्रॉइटच्या तीन वृत्तपत्रांच्या बातमीदारांना कंपनीच्या कचेरीत बोलावून खजिनदार जेम्स कझेन्स यांनी निवेदन वाचून दाखवले. तोवर किमान पगार नऊ तासांना २ डॉलर ३४ सेंट होता. तो यापुढे आठ तासांना ५ डॉलर पडणार होता, आणि नऊ तासांच्या दोन पाळ्यांऐवजी आठ तासांच्या तीन पाळ्या चालणार होत्या. पहिल्या वर्षी यासाठी एक कोटी डॉलर लागतील असा कंपनीचा अंदाज होता. अंमल १२ जानेवारीपासून सुरू झाला. त्या सकाळी कडाक्याच्या थंडीत दहा हजारांहून जास्त माणसे फाटकापाशी लोटली, रेटारेटी झाली आणि त्यांना हटवण्यासाठी आगीच्या बंबाचे गारठलेले पाणी मारण्यात आले. नोकरीच्या आशेने आलेल्या माणसांना अशी वागणूक देणे क्रूरपणाचे होते, आणि घोषणेचा गौरव करताना हे पाणी विसरले जाऊ नये. बाहेरगावच्या लोकांची गर्दी थांबावी म्हणून कंपनीने मग डेट्रॉइटमध्ये किमान सहा महिने राहिलेल्यांनाच कामावर घ्यायचे ठरवले.

त्याच महिन्यात घडलेली आणखी एक गोष्ट फार कमी ठिकाणी सांगितली जाते. ऑर्थोडॉक्स पंथाचा नाताळ जुन्या पंचांगाप्रमाणे ७ जानेवारीला येतो. त्या सणासाठी घरी राहिलेल्या आठशे ते नऊशे ग्रीक आणि रशियन कामगारांना कंपनीने काढून टाकले, कारण अमेरिकेत राहायचे तर अमेरिकेचेच सण पाळावेत अशी तिची भूमिका होती. फोरमनच्या मनमानीला लगाम घालणारी कंपनी स्वतः मात्र मनमानी करायला मोकळी राहिली होती, हे या प्रसंगातून दिसते, आणि पुढच्या सगळ्या घडामोडींचे मूळ इथेच आहे.

पाच डॉलर हा सरळ पगार नव्हता, ही बाबही पुष्कळांना ठाऊक नसते. पगार २ डॉलर ३४ सेंटच राहिला होता. वरचे २ डॉलर ६६ सेंट हा 'नफ्यातील वाटा' होता आणि तो काही अटी पुऱ्या करणाऱ्यालाच मिळे. कंपनीत सहा महिने झालेले असावेत. माणूस विवाहित असून कुटुंबासोबत राहून त्याचा नीट सांभाळ करणारा असावा, किंवा बावीस वर्षांवरचा, काटकसरी म्हणून सिद्ध झालेला अविवाहित असावा, किंवा त्याहून लहान पण विधवा आईला वा जवळच्या नातलगांना पोसणारा असावा. स्त्रियांना सुरुवातीला यातून वगळले होते. हे सगळे तपासण्यासाठी एक समाजशास्त्रीय विभाग उघडण्यात आला आणि त्याची सूत्रे ली यांच्याकडे देण्यात आली. या विभागाचे तपासनीस घरोघर जात. लग्नाचा दाखला, बँकेचे पासबुक, घरातली स्वच्छता, दारूची सवय, पोटभाडेकरू ठेवले आहेत का, हे सर्व पाहून ते टिपून घेत आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांकडेही चौकशी करत. ज्याचे वागणे पसंत पडले नाही त्याचा वाटा रोखून धरला जाई, आणि सहा महिन्यांत सुधारणा दिसली नाही तर त्याची नोकरी जाई.

या विभागाने चांगली कामेही केली, हे नोंदवले पाहिजे. घरांची विक्री करणाऱ्यांकडून नवख्या परदेशी कामगारांची होणारी फसवणूक थांबवण्यासाठी कायद्याचा सल्ला दिला, आजाऱ्यांसाठी वैद्यकीय मदत उभी केली, १९१४ मध्येच इंग्रजी शिकवणारी शाळा काढली. तरीही पगाराच्या निम्म्याहून जास्त भागासाठी माणसाला स्वतःच्या घराचे दार तपासनिसापुढे उघडावे लागणे, ही गोष्ट मला मान्य होण्यासारखी नाही. कामगाराच्या घरच्या अडचणी समजून घेणे आणि त्याच्या घरावर पहारा बसवणे यांत मोठे अंतर आहे. घणाच्या यंत्रावरच्या त्या माणसाची कोणीतरी आस्थेने विचारपूस केली होती. त्या आस्थेचे खाते बनवून त्याच्या हाती पगाराची किल्ली दिली, तेव्हा ती विचारपूस राहिली नाही.

आकडे काय सांगतात

गळतीचे प्रमाण १९१३ मध्ये ३७० टक्के, १९१४ मध्ये ५४ टक्के आणि १९१५ मध्ये १६ टक्के असे उतरत गेले. फोर्ड यांच्याच निवेदनानुसार १९१५ मध्ये फक्त ६,५०८ माणसे नव्याने घ्यावी लागली, आणि त्यांतली बहुतेक व्यवसाय वाढल्यामुळे घ्यावी लागली होती. आठ तासांना पाच डॉलर देणे ही आपण केलेल्या सर्वांत उत्तम खर्चकपातींपैकी एक होती, असेही त्यांनी नंतर लिहिले. याहून मला महत्त्वाचा वाटतो तो बडतर्फीचा आकडा. १९१३ मध्ये साडेआठ हजारांच्या आसपास माणसे काढून टाकण्यात आली होती, म्हणजे सरासरी कामगारसंख्येच्या ६२ टक्के. १९१५ मध्ये वर्षभरात काढलेल्यांची संख्या तीस माणसांच्या आत आली.

पगार दुप्पट झाल्यावर माणसे सोडून जाणार नाहीत, हे उघड आहे. पण पगार वाढल्याने बडतर्फी का कमी व्हावी? उलट फाटकाबाहेर हजारो माणसे उभी असताना फोरमनला माणूस काढणे अधिक सोपे झाले असते. तसे झाले नाही, याचे मुख्य कारण ऑक्टोबरमध्ये त्याच्याकडून काढून घेतलेला अधिकार हेच दिसते. जाणाऱ्यांची संख्या पैशाने रोखली आणि काढल्या जाणाऱ्यांची संख्या व्यवस्थेने रोखली, अशी माझी मांडणी आहे. अर्थात १९१४ हे अमेरिकेत मंदीचे वर्ष होते, बाहेर काम मिळणे कठीण होते, आणि त्यामुळेही पुष्कळ माणसे जागा धरून राहिली असणार. त्या वर्षीच्या ५४ टक्क्यांचे सगळे श्रेय कंपनीला देता येणार नाही.

पैशाने काय साधले नाही, हे सांगणारे एक पत्र कंपनीच्या संग्रहात आहे. एका कामगाराच्या पत्नीने २३ जानेवारी १९१४ रोजी, म्हणजे पाच डॉलर सुरू झाल्यावर दोन आठवड्यांच्या आत, हेन्री फोर्ड यांना ते निनावी पाठवले होते. तुमची ही साखळीची पद्धत माणसाला गुलामासारखी राबवते, असे ती लिहिते. नवरा घरी येतो आणि अंग टाकून देतो, जेवतसुद्धा नाही इतका तो गळून गेलेला असतो, यावर काही उपाय करता येणार नाही का, असे ती विचारते. दिवसाचे पाच डॉलर हे तुम्हाला वाटते त्याहून मोठे वरदान आहे, पण ते ही माणसे पुरेपूर कमावतात, असेही ती सांगते. या पत्रात कृतज्ञता आणि तक्रार दोन्ही खऱ्या आहेत. पगारवाढीनंतर कामगार खूश आहेत का, असे कोणी विचारले असते तर या घरातून 'हो' असेच उत्तर आले असते, आणि त्या उत्तरातून पट्टीच्या वेगाबद्दल काहीच कळले नसते.

भरतीच्या बाजूचा एक चांगला वारसा मात्र दीर्घकाळ टिकला. प्रत्येक कामाला नेमके काय लागते, याचे पृथक्करण कंपनीने पुढेही केले. १९२२ मध्ये फोर्ड यांनी प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार कारखान्यात ७,८८२ प्रकारची कामे होती. त्यांतली ६७० कामे दोन्ही पाय नसलेला माणूस, २,६३७ कामे एक पाय असलेला, ७१५ कामे एक हात असलेला आणि १० कामे अंध माणूस करू शकत होता. अशा कामगारांना दया म्हणून कमी पगारावर ठेवलेले नव्हते, त्यांना पूर्ण दर मिळत असे. 'धडधाकट तरुण पाहिजे' अशी जाहिरात देण्याआधी त्या जागेवर नेमके काय करायचे आहे ते कागदावर मांडले, तर निवडीचे क्षेत्र किती रुंदावते, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

घडी मोडली ती कशी

पाच डॉलरचा आकडा स्थिर राहिला आणि महागाई वाढत गेली. युद्धकाळात डेट्रॉइटमधले राहणीमान इतके महागले की १९१८ पर्यंत त्या पाच डॉलरांची किंमत १९१४ च्या हिशेबाने सुमारे २ डॉलर ८० सेंट उरली. १९१९ मध्ये दर सहा डॉलर केला गेला, पण तोवर इतर कारखाने बरोबरीला आले होते. कझेन्स १९१५ मध्येच बाहेर पडले होते. ली यांच्यानंतर विभागाची सूत्रे घेणारे धर्मोपदेशक सॅम्युएल मार्क्विस यांनी १९२१ च्या आरंभी, मंदीतल्या कामगारकपातीच्या काळात, राजीनामा दिला आणि तो विभाग नामशेष झाला. त्याच्याबरोबर घरांवरचा पहारा उठला हे बरे झाले, पण फोरमनला अडवणारी यंत्रणाही उरली नाही. माणूस हाताळण्याचा अधिकार पुन्हा विभागप्रमुखांकडे गेला, आणि कालांतराने हॅरी बेनेट यांच्या 'सेवा विभागा'च्या पहारेकऱ्यांकडे गेला. हे पहारेकरी कामगारांवर नजर ठेवत, संघटनेचा वास आला तरी माणूस काढून टाकत आणि प्रसंगी मारहाण करत. २६ मे १९३७ रोजी फोर्डच्याच रूज कारखान्याच्या पुलावर पत्रके वाटायला आलेल्या संघटनेच्या कार्यकर्त्यांना त्यांनी छायाचित्रकारांच्या डोळ्यांदेखत बदडले.

ऑक्टोबर १९१३ ची सुधारणा मालकाने आपखुशीने दिलेली होती, ती कोणत्याही करारात नव्हती, त्यामुळे मालकाचे मन फिरले तेव्हा ती परत घ्यायला कोणाची परवानगी लागली नाही. चांगल्या मनाच्या मालकांना हे ऐकायला आवडत नाही, पण आपला चांगुलपणा आपल्या माघारी टिकावा असे वाटत असेल तर तो लेखी नियमांत उतरवावा लागतो आणि तो मोडल्यास दाद मागण्याची सोय कामगाराला द्यावी लागते. फोर्ड कंपनीत ही सोय १९४१ च्या जूनमध्ये आली. एप्रिलमधल्या संपानंतर कंपनीने मोटार कामगार संघटनेशी पहिला करार केला, आणि त्यात अन्यायाने काढून टाकलेल्या कामगारांना मागचा पगार देण्याचे कलम होते.